पाखराच्या पायातला वाळा



पाखराच्या पायात वाळा कुणी पाहिलाय का? बाळाच्या पायात असतो तसा, पण चांदीचा नाही, अॅल्युमिनियमचा. गव्हाच्या दाण्याहूनही लहान. त्यावर अगदी बारीक इंग्रजी अक्षरं आणि एक नंबर. अक्षरांचा अर्थ असा, की ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’. शेतात मेलेलं पाखरू सापडलं, मांजरानं एखादं धरून आणलं, तळ्यावर बदक मरून पडलेलं दिसलं आणि त्याच्या पायात असं काही चमकलं, तर ती एक चिठ्ठी आहे असं समजा. कुणीतरी कुठेतरी त्या पाखराला धरलं होतं, मोजलं होतं आणि सोडून दिलं होतं. ही चिठ्ठी कुणी लिहायला घेतली, कशासाठी, आणि त्यावरून थेट दिल्लीच्या संसदेत प्रश्न का उठले, ती हकिगत आज सांगते.

आधी मुंबईच्या उपनगरात जाऊ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं तुम्ही ऐकलेली असतात, कारण प्रत्येक गावाचं कुणी ना कुणी तिथे कामाला असतं. पण लोकलमधून दिसतात त्या इमारतींच्या मागे जंगल आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत डोंगर पसरलाय, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचा. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी ही दोन तळी, इंग्रजांनी मुंबईला पाणी पाजायला बांधलेली, विहार १८६० मधलं आणि तुळशी १८७९ मधलं. आदिवासी पाडे आहेत, बिबटे आहेत. आणि भाद्रपद सरता सरता, घट बसायच्या सुमाराला, इथे पाहुणे उतरायला लागतात.

मोठे पाहुणे सगळ्यांना दिसतात. लहान कुणाला दिसत नाहीत. एक वटवट्या आहे, मातकट रंगाचा, झुडपात लपून टक्‌ टक्‌ असा आवाज काढणारा. वजन पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. रशियाकडच्या आणि मध्य आशियाच्या झुडपांत हा जन्मतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. शेपटी वरखाली करत नाल्याकाठी चालणारा धोबी, म्हणजे परीट, तोही हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून येतो. लहान माशीमार येतात, पाकोळ्या येतात. बहुतेक लहान पाखरं हा प्रवास रात्री करतात. दिवसा उतरतात, खातात, झोपतात आणि अंधार पडला की पुन्हा उडतात. म्हणून ती येताना कुणी पाहत नाही. काल झाडावर काही नव्हतं, आज आहे, एवढंच कळतं.

अशा पाखराला धरायचं कसं? त्यासाठी जे जाळं वापरतात त्याची कल्पना जपानातली. तिथे पारधी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरायला एक अतिशय बारीक जाळं लावत, आणि त्याचं नावच धुक्याचं जाळं. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांनी ते उचललं. काळ्या बारीक धाग्याचं, दोन बांबूंमध्ये ताणलेलं, माणसाच्या उंचीहून थोडं वर आणि आठ-दहा पावलं लांब. आडव्या दोऱ्यांवर ते सैल सोडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक दोरीखाली झोळ तयार होतो. झाडांच्या सावलीत लावलं की दिसतच नाही. पाखरू येऊन धडकतं आणि खालच्या झोळीत अलगद पडतं, पाळण्यात ठेवल्यासारखं.

मग खरी कसोटी. जाळं उजाडायच्या आत उघडायचं, दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारायची. ऊन चढलं की बंद. वारा सुटला की बंद. पाऊस आला तर लगेच गुंडाळायचं, कारण ओलं झालेलं एवढंसं पाखरू गारठून मरतं. अडकलेलं पाखरू सोडवणं हे केसातला गुंता सोडवण्यासारखं काम आहे, आणि ज्यांनी लेकीचे केस विंचरलेत त्यांना यातलं निम्मं आधीच येतं. ज्या बाजूनं पाखरू शिरलं त्याच बाजूनं ते काढायचं. आधी पाय, मग पंख, मग डोकं. ओढायचं नाही. मान दोन बोटांच्या मध्ये आणि पाठ तळहाताला टेकलेली, छाती दाबायची नाही, कारण पाखरू छाती हलवूनच श्वास घेतं. मग सुती पिशवीत ठेवायचं. अंधार झाला की ते शांत होतं.

नंतर पायात वाळा. तो इतका हलका असतो, की लहान पाखराचा वाळा ग्रॅमचा दहावा भागही भरत नाही. प्रत्येक जातीच्या पायाच्या मापाचा वेगळा वाळा. विशेष पक्कड असते, तिनं तो गोल मिटवतात. पायावर फिरला पाहिजे, पण निघून जाता कामा नये. आपल्याकडे कासार बांगडी भरतो ना, तसंच हे अंदाजाचं काम. पंख पट्टीवर मोजतात, पिशवीसकट वजन करतात आणि मग एक मजेशीर गोष्ट करतात. पाखराच्या पोटावर हळूच फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि कातडीतून आतली पिवळी चरबी दिसते. गळ्याच्या खळग्यात चरबी भरलेली असेल तर हे पाखरू अजून पुढे जाणार. खळगा रिकामा असेल तर ते लांबून दमून आलंय किंवा इथेच थांबणार आहे. काही पाखरं लांब उड्डाणाच्या आधी इतकं खातात, की वजन जवळजवळ दुप्पट होतं. शिदोरी बांधून घेण्याऐवजी शिदोरीच अंगात घालून निघतात.

दोन-चार मिनिटांत सगळं आटपतं. मूठ उघडली की पाखरू भुर्रकन जातं. गोरेगावात चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं एक केंद्र आहे, उद्यानाला लागून, सरकारनं संस्थेला शंभर वर्षं झाल्याच्या निमित्तानं दिलेल्या जागेवर. तिथे हे काम लोकांना प्रत्यक्ष दाखवलेलंही आहे. एक गोष्ट स्पष्ट सांगते. जाळं लावून रानपाखरू धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. वाळा घालणाऱ्यांनाही सरकारची लेखी परवानगी लागते. तेव्हा घरी करून बघायची ही गोष्ट नव्हे.

आता मागे जाऊ. वाळ्याची युक्ती डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांची. मोर्टेन्सन त्यांचं नाव. १८९० मध्ये त्यांनी जस्ताच्या पत्र्याचे वाळे करून मैनेच्या जातीच्या पाखरांना घातले. ते जड झाले, पाखरांना त्रास व्हायला लागला, तेव्हा मास्तरांनी काम थांबवलं. नऊ वर्षांनी, १८९९ मध्ये, अॅल्युमिनियमचे हलके वाळे करून १६५ पाखरांना घातले. प्रत्येकावर नंबर आणि गावाचं नाव. युरोपभर ही पद्धत पसरली ती तिथून. त्याआधी लोकांचे काय काय समज होते! पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपून राहतात, असं शिकलेले लोकसुद्धा मानत. आपल्याकडे चातक पावसाच्या थेंबाची वाट बघतो म्हणतात. त्यातलं एक खरं, की तो पावसाच्या तोंडावर येतो. पण बाकीचे महिने तो कुठे असतो हे आपण विचारलं नव्हतं. त्यातले पुष्कळ आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात.

हिंदुस्थानात पहिले वाळे पडले ते धार संस्थानात, १९२६-२७ च्या सुमाराला. धारचे राजे पवार, म्हणजे आपले मराठेच. तिथे हिवाळी बदकांना वाळे घातले गेले. यामागे राजेरजवाड्यांची शिकारीची हौस होती हे लपवायचं कारण नाही. बदकं येतात कुठून हे शिकाऱ्याला हवंच असतं. वाळे मुंबईच्या संस्थेच्या नावाचे होते. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून काढली, निसर्गाची हौस असणाऱ्यांचं एक मंडळ म्हणून. धारचा प्रयोग मोठा झाला नाही. काही वाळे परत आले, हौस विरली, आणि काम तीसेक वर्षं रेंगाळलं.

ते पुन्हा उभं केलं सालिम अलींनी. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची त्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना माहीत आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. १८९६ चा जन्म, आईबाप लहानपणीच गेलेले, मामांकडे मुंबईत वाढले. १९२९ मध्ये जर्मनीला शिकायला गेले आणि तिथे हेलिगोलंड नावाच्या समुद्रातल्या बेटावर पाखरांना वाळे घालण्याचं काम पाहिलं, स्वतःही शिकले. परत आले तर नोकरी नाही. मग अलिबागजवळ किहीमला बायकोच्या घरी जाऊन राहिले. बेकारीत माणूस काय करतो? हे महाशय शिडीला टेकून सुगरणींची घरटी बघत बसले. त्यातून कळलं, की घरटं विणतो तो नर. मादी येते, तपासते, पसंत पडलं तर आत राहते, नाही तर पुढचं बघते. आपण मात्र नाव ठेवलंय ‘सुगरण’. बहिणाबाईंनीही घर बांधण्याचं कौतुक सुगरणीच्याच पदरात टाकलंय. मला विचाराल तर कवितेचं काही बिघडत नाही. पण विणणारा बाप्या आहे हे कळल्यावर जरा हसू येतंच.

त्यांच्या बायकोचं नाव तेहमिना. जंगलातल्या मुक्कामांवर त्या बरोबर असत, राहुट्यांचा संसार सांभाळत, आणि नवऱ्यानं लिहिलेलं इंग्रजी सुधारत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. या सगळ्या इतिहासात बायकांची नावं शोधायला गेलं तर हाताला फार थोडी लागतात. बिहारकडच्या जमाल आरा हे असंच एक नाव. त्यांनी पाखरांवर लिहिलं, रेडिओवरही बोलल्या. सालिम अलीही १९४१ पासून जवळजवळ शेवटपर्यंत रेडिओवर पाखरांबद्दल बोलत राहिले. तेव्हा आपण आज हे रेडिओवर बोलतोय ते काही अगदीच नवं नाही.

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे वाळ्यांना पैसा मिळाला. ती पाखरांची नाही, तापाची आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरायला लागली. पाठोपाठ जंगलात लाकडं, पाला आणायला जाणारी माणसं तापानं पडू लागली. काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी शोध घेतला, तर माकडाच्या अंगावरच्या गोचिडीतून हा विषाणू माणसात येत होता. आणि तो होता रशियाकडच्या एका तापाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. मग प्रश्न उठला, की सायबेरियाचा नातेवाईक शिमोग्यात कसा आला? कुणीतरी आणला असणार. दर वर्षी तिकडून इकडे कोण येतं? पाखरं. त्यांच्या अंगावर गोचीड असू शकते.

ही शंका होती, पुरावा नव्हता. पण शंकेनं दार उघडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मदत दिली, स्वित्झर्लंडमधून शिफरली नावाचे पक्षितज्ज्ञ शिकवायला आले, आणि १९५९ पासून सालिम अलींच्या माणसांनी कच्छमध्ये, पुढे राजस्थानात भरतपूरला तळ ठोकून जाळी लावली. पाखराला वाळा घालायचा, अंगावरची गोचीड चिमट्यानं काढून बाटलीत भरायची, रक्ताचा थेंब घ्यायचा. यातून हजारो पाखरांचे रस्ते कळले. भारतात वाळे घातलेली बदकं सायबेरियाकडे सापडली. वाळा घातलेले धोबी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बागेत, त्याच हिरवळीवर उतरलेले दिसले. हजारो मैल जाऊन पुन्हा तेच अंगण. पण माकडतापाचं काय? तो पाखरांनी आणला असं काही सिद्ध झालं नाही.

माकडताप मात्र गेला नाही. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला, नंतर सावंतवाडीकडे बांद्याच्या बाजूलाही. काजूच्या बागेत बी वेचणाऱ्या, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका-पुरुषांना तो झाला. त्या भागातल्या ज्या मैत्रिणी ऐकत असतील त्यांना गोचिडीचं तेल आणि अंगभर कपडे हे नव्यानं सांगायला नको. जवळपास माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, एवढं इतरांनीही लक्षात ठेवा.

पुढचा भाग जरा अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे पैसे आटले, आणि १९६३ पासून मोठी मदत आली ती अमेरिकेच्या लष्कराकडून. आशियातल्या अनेक देशांत एकाच वेळी एक मोठं काम सुरू झालं. पाखरांना वाळे घाला आणि ती कोणते रोग वाहतात ते शोधा. मॅक्‌क्लुअर नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. १९७१ पर्यंत ते चाललं आणि सगळ्या देशांत मिळून दहा लाखांहून जास्त पाखरांच्या पायात वाळे पडले. भारतातलं काम मुंबईच्या संस्थेकडे होतं.

लष्कराला पाखरांच्या रोगांशी काय देणंघेणं? त्यांचं म्हणणं असं, की आपले शिपाई आशियात ठिकठिकाणी असतात, त्यांना कोणते ताप होतील ते कळायला हवं. पण तो काळ व्हिएतनामच्या युद्धाचा. कोणत्या देशातून कोणतं पाखरू कोणत्या देशात जातं याचा नकाशा हाती आला, तर त्याच वाटेनं कुणी मुद्दाम रोग धाडणार नाही कशावरून? १९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून हा प्रश्न मोठ्यानं विचारला गेला आणि संसदेच्या लोकलेखा समितीनं परदेशी पैशातून चाललेल्या अशा कामांची चौकशी केली. दिल्लीकडच्या डासांवरच्या प्रयोगाचीही तिनं झडती घेतली. सालिम अलींनी ठणकावून सांगितलं, की लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळं छापलेलं आहे. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास आहे. पण प्रश्न विचारणारेही चुकले असं मला वाटत नाही. आपल्या बचत गटात कुणी पैसे घेऊन आलं तर आपण विचारतोच, की हे कुणाचे, आणि बदल्यात काय हवंय? पाखरांचं काम करणाऱ्यांना ते विचारलं गेलं, यात वावगं काय? नुकसान एवढंच झालं, की पुढची काही वर्षं वाळ्यांकडे लोक संशयानं बघत राहिले. १९८० पासून भारत सरकारच्या देखरेखीखाली पुन्हा मोठं काम सुरू झालं.

आणि पाखरं धरत कोण होतं? शास्त्रज्ञ? थोडेसे. खरे हात होते बिहारच्या मीरशिकारांचे. ही पिढीजात पाखरं धरणारी जमात. त्यांच्यातले अली हुसेन यांचं नाव संस्थेच्या कामात कायमचं जोडलं गेलं. कोणतं पाखरू कुठे उतरेल, कोणत्या आवाजानं फसेल, फास किती उंचीवर हवा, हे त्यांना पुस्तक न उघडता ठाऊक. परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही त्यांची विद्या शिकून घेतली.

हे वाचताना मला आपले फासेपारधी आठवतात. तित्तिर आणि लावा धरायला त्यांनी बनवलेले फासे म्हणजे कसबाचा नमुना. एकामागून एक बांधलेले, गवतात दिसणारही नाहीत असे. तित्तिराची हाक तोंडानं अशी काढतात की खरा तित्तिर उत्तर देतो. आणि या लोकांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जमातच्या जमात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र पुसला नाही. मुंबईच्या सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी बायका आजही तो सोसतात. मारुती चितमपल्लींनी पाखरांची मराठी नावं गोळा केली, ‘पक्षिकोश’ लिहिला, तेव्हा रानातल्या माणसांकडून, पारध्यांकडून ऐकलेलं पुष्कळ त्यांच्या उपयोगी पडलं. अकोला-वाशीमच्या माळावर तणमोर हा दुर्मीळ पक्षी शोधायला आणि राखायला फासेपारधी तरुणच पुढे आले. बिहारच्या मीरशिकाराला संस्थेनं कामावर घेतलं, तसं महाराष्ट्रात पारध्यांना आणखी कितीतरी आधी घेता आलं असतं. घेतलं नाही.

जाळ्याची अशीच एक गोष्ट नागालँडची. अमूर ससाणे आफ्रिकेला जाताना तिथे लाखोंनी उतरतात. पांगती गावाजवळ लोक मासे धरायची जाळी झाडांना बांधून ते धरत आणि विकत. २०१२ मध्ये ते देशभर कळलं. गावात बैठका झाल्या, चर्चमधून सांगितलं गेलं, आणि एका वर्षात शिकार थांबली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारं यंत्र बसवलं, त्यांना नावं दिली नागा, पांगती आणि वोखा. ते भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचलेले गावकऱ्यांनी नकाशावर पाहिले.

परदेशी पाखरांवर आळ येणं अजून संपलेलं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या मारल्या, मोठ्या शेडमधल्या मारल्याच, पण आसपासच्या घरांतल्या, परसातल्या चार-चार कोंबड्याही. त्या चार कोंबड्या म्हणजे बाईचा अडीअडचणीचा पैसा, हे सांगायला नको. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बचत गटाच्या कुक्कुटपालनातल्या आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, पुन्हा तोच रोग. दोन्ही वेळा लोक म्हणाले, स्थलांतरित पाखरांनी आणला. काही ठिकाणी रानबदकं हा विषाणू वाहतात हे खरं आहे. पण विषाणू पिंजऱ्यांतून, गाड्यांतून, अंड्यांच्या ट्रेमधून, माणसाच्या चपलांवरूनही जातो. कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात कोणत्या तळ्यावर होतं हे माहीत असेल, तर आळ खरा की खोटा ते तपासता येतं. ते कळतं या वाळ्यांच्या वह्यांतून.

उपनगरात आता वाळ्यांबरोबर नवी यंत्रंही आली आहेत. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी. तिथल्या चिखलात हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा तो भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर यंत्रं बसवली. एकाचं नाव ठेवलं सालिम, एकाचं हुमायूं. हुमायूं अब्दुलालींच्या नावावरून. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपशुपक्षी संरक्षण कायदा व्हायला त्यांचा मोठा हात होता. पाऊस आला तेव्हा हुमायूं रोहित मुंबई सोडून गुजरातेत भावनगरच्या किनाऱ्याकडे गेलेला दिसला. वाळा असता तर तो कुणाच्या हाती लागेपर्यंत वाट पाहावी लागली असती. यंत्रानं वाटच दाखवली. दोन वर्षांनी, २० मे २०२४ च्या रात्री, घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. चाळीसच्या आसपास पाखरं मरून वस्तीत पडली. सकाळी तिथल्या लोकांनी घरांच्या आजूबाजूला गुलाबी पिसं पाहिली. शेजारीच नवा विमानतळ झालेला असताना पाखरं रात्री कोणत्या उंचीवरून, कोणत्या वाटेनं खाडी ओलांडतात हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

मोठ्या पाखराच्या पाठीवर यंत्र बसतं. दहा ग्रॅमच्या वटवट्याच्या पाठीवर तसं बसवता येत नाही. त्याच्यासाठी अजून तो जुना वाळाच. हजार वाळे घातले तर एखाद-दुसऱ्याचा पत्ता पुन्हा लागतो, आणि लागतो तो बहुतेक वेळा शास्त्रज्ञांमुळे नव्हे. शिकारी, कोळी, गुराखी, शाळेतली पोरं, शेतात राबणाऱ्या बाया यांच्यामुळे लागतो.

तुमच्याकडे तर पाखरांची मोठी हजेरी असते. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून हात दुखतात. या भोरड्या कझाकस्तानकडे जन्मतात, तिथे टोळ खाऊन पिल्लं वाढवतात आणि श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे यायला लागतात. त्या कोणत्या आठवड्यात आल्या, कोणत्या आठवड्यात गेल्या, हे राखण करणाऱ्या बाईला जितकं नेमकं ठाऊक असतं तितकं मुंबईत बसून कुणालाच कळत नाही. कॅलेंडरवर त्या दिवशी एक खूण केली तरी पुरे.

आणि वाळा सापडला तर असं करा. पाखरू मेलेलं असेल तर हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालूनच हात लावा, नंतर साबणानं हात धुवा. वाळ्यावरची सगळी अक्षरं आणि नंबर जसेच्या तसे उतरवून घ्या, एक आकडाही गाळू नका. फोनवर फोटो काढलात तर फारच चांगलं. पाखरू जिवंत असेल तर वाळा काढू नका, नंबर वाचा आणि सोडून द्या. तारीख, गाव, तालुका, पाखरू कसं सापडलं ते चार ओळींत मराठीत लिहा. पत्ता असा: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाऊस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई ४००००१. पाखराचं नाव माहीत नसलं तरी चालतं, नंबरावरून ते त्यांना कळतं.